मोजणी चुकू नये म्हणून लावलेलं दार

माझा हात फास्ट आहे, हे मला शाळेपासून लोक सांगत आलेत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं. क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा हातात आला की मी बोलता बोलता काहीतरी उभं करते. ऑफिसात डबा खाऊन झाला की उरलेल्या वीस मिनिटांत एक की-चेन व्हायची. कोणाच्या मुलाची मुंज, कोणाचं बारसं, कोणाची बदली, आदल्या संध्याकाळी कळलं तरी दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत त्यांच्यासाठी काहीतरी असायचंच. टोपडं, मोबाईलची पिशवी, देव्हाऱ्याचं छोटं तोरण, नाहीतर चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या. आमच्या एका साहेबांच्या निरोपाची भाषणं चालू असताना मागच्या रांगेत बसून मी त्यांना द्यायची चष्म्याची पिशवी पूर्ण केली होती. मला मशीन म्हणायचे. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये असं एकही घर नसेल जिथे माझ्या हातचं काही लटकत नाही.

आता मी मुद्दाम हळू विणते आणि मुद्दाम वाईट विणते. ते का, ते सांगते.

मला मूल नाही. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. जवळचं म्हणावं तर मुलुंडला माझी ताई, आणि तिची एकुलती एक मुलगी, माझी भाची. सुट्टीत ती माझ्याकडेच पडलेली असायची. नऊ-दहा वर्षांची असताना तिला क्रोशा शिकवायला घेतलं. साखळी जमली तिला. लांबच लांब साखळी घातली, खिडकीपासून दारापर्यंत, आणि मला ओढत नेऊन दाखवली. पण साखळीवर खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे म्हटलं की तिचे टाके घट्ट बसायचे, सुई अडकायची. मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सुई तिच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, दे इकडे, तुझं व्हायचं कधी. ती बिचारी माझ्या बाजूला बसून गुंडा धरायला लागली आणि शिकवणी तिथेच संपली.

तिचं लग्न ठरलं तेव्हा रुखवत माझ्याकडे आलं, हे सांगायलाच नको. दोन महिन्यांत मी टेबलावरचे रुमाल केले, ताटावर झाकायचे केले, कलशाखालचं कमळ, दाराचं तोरण, उशांचे अभ्रे, आणि एक तुळशीवृंदावन केलं तर हॉलमधला फोटोग्राफर त्याचेच फोटो काढत बसला. ताईने पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात पाटी लिहिली, ‘वधूची हस्तकला’. आपल्याकडे सगळेच लिहितात. केकसुद्धा दुकानातून आणतात आणि खाली मुलीचं नाव लिहितात. रुखवत आईने केलंय, मावशीने केलंय की दादरहून विकत आणलंय, हे बघणाऱ्याला माहीत असतं, आणि बघणारा विचारत नाही.

हिच्या सासूने विचारलं. हिला मुंडावळ्या बांधलेल्या, अंगावर शालू, पोटात सकाळपासून काही नाही. सासू टेबलापाशी उभी राहून एकेक वस्तू हातात घेऊन बघत होती. तिच्या आईला क्रोशा यायचा म्हणे. डोळ्यांत पाणीच आलं बाईच्या. "हे सगळं तू केलंस?" म्हणाली. आणि आम्ही दहा बायका एका सुरात बोललो, हो हो, सगळं तिनेच. हिने मान हलवली. त्यात मी पण होते, सगळ्यात मोठ्याने.

लग्नानंतर दीडेक महिन्याने तिचा फोन आला. "मावशी, वाट लागली गं. सासूबाईंच्या बहिणीला तोरण हवंय. माझ्या हातचं."

मी एवढी हसले. म्हटलं, घाबरतेस काय, परवा घेऊन जा. परवा म्हणजे परवा, मेट्रोच्या घाटकोपर स्टेशनवर, जिना चढून वर आलं की डावीकडे जो खांब आहे तिथे मी तिला तोरण दिलं. दोरा आणायला जाते असं घरी सांगून ती अंधेरीहून मेट्रोने आली, पिशवी घेतली आणि तशीच परत गेली. घरी कशाला नेऊ तिला, मला वाटायचं, आधीच तिला घाई. पटकन काम झालं पाहिजे. पुढची अडीच वर्षं आमच्या भेटी त्या खांबापाशीच झाल्या. पाच मिनिटं, फार तर दहा.

सासू वाईट नाही, हे आधीच सांगते. सासू म्हटलं की लोक लगेच तोंड वाकडं करतात. या बाईला आपल्या सुनेचं खरंच कौतुक होतं. भिशीतल्या बायका, सोसायटीची सेक्रेटरी, कांदिवलीची जाऊ, नातवाला क्लासला सोडणारी शेजारीण, सगळ्यांना सुनेच्या हातचं काही ना काही द्यायची तिला हौस. फोन यायचा, अमुक एवढ्या चकत्या, तमुक रंगाचा रुमाल. आणि मी जीव तोडून करायचे. भाचीचं सासरी नाव होतंय, आणि कोणाच्या जिवावर होतंय ते मला माहीत आहे, एवढ्यावर मी खूश होते. आतल्या आत थोडं खुपायचंही. काम माझं, नाव दुसऱ्याचं. पण पोरीसाठी करायचं म्हणून गप्प बसायचे.

जावई पण सगळ्यांना आवडलेला. घरूनच काम करायचा, हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून. वाकून नमस्कार करणार, "मावशी, पोचलात की मेसेज करा" म्हणणार. भाचीची नोकरी ठाण्याला होती. एवढ्या लांब कशाला, थोडा ब्रेक घे, म्हणाला, आणि तिने घेतला. आम्ही म्हटलं, काळजी आहे मुलाला.

आता मागे वळून बघते तेव्हा त्या खांबापाशी ती जे जे बोलली ते सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा कानावर पडलं आणि गेलं.

एकदा म्हणाली, "एवढ्या लवकर नको ना देत जाऊस."

मी म्हटलं, "का गं? झालं तर दिलं."

"नाही म्हणजे, घरी वाटतं, इतक्यात कसं झालं."

"मग दोन दिवस कपाटात लपवून ठेव आणि मग काढ."

"कपाटात नाही ठेवता येत," ती म्हणाली. "हा आवरतो ना कपाट. रोज."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, नशीबवान आहेस, तुझे काका आयुष्यात स्वतःची बनियन घडी करून गेले नाहीत. ती हसली आणि मेट्रो आली.

दुसऱ्यांदा म्हणाली, "मावशी, अर्धवट देशील का? म्हणजे अर्धा विणलेला रुमाल, सुई तशीच लावलेली. बाकीचा नंतर दे."

याचा मला रागच आला. अर्धवट काम माझ्या हातून जात नाही, म्हटलं, कोणी बघितलं तर काय म्हणेल. दाखवायला म्हणून एक सुई आणि पांढरा गुंडा मात्र दिला तिला. घरी पलंगावर पडलेला बरा दिसेल, म्हणाली. आणि मग सासूच्या नणंदेसाठी पलंगपोस ठरला, डबल बेडचा. ते ऐकून ती खूश होती, मी शपथेवर सांगते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा होता. "याला तर सहा महिने लागतील ना गं?" म्हणाली. मी छाती पुढे काढून म्हटलं, "सहा महिने? मला? बघच तू." गणपतीच्या आधी सुरू केला आणि दसऱ्याला तिच्या हातात ठेवला. ती त्या जड पिशवीकडे बघत राहिली. "झाला पण?" एवढंच म्हणाली. मला शाबासकी हवी होती, ती मिळाली नाही म्हणून मी घरी येईपर्यंत घुश्शात होते.

त्यानंतरच्या श्रावणात सासूने सत्यनारायण घातला. मला बोलावणं होतं, ताई आणि भावोजी होतेच. येणाऱ्या प्रत्येकाला प्रसादाबरोबर द्यायला क्रोशाचं छोटं कमळ, मधे निरांजन बसेल एवढं. पस्तीस कमळं मी नऊ दिवसांत केली होती. परातीत रचून ठेवलेली, पांढरी आणि गुलाबी. सासू एकेकीच्या हातात देत होती आणि म्हणत होती, "आमच्या सुनेच्या हातचं." भाची मागे उभी. वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. मला वाटलं, हे खोट्याचं ओझं पोरीला खातंय. किती दिवस असं चोरासारखं जगणार, असा विचार मी तिथे शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन करत होते. हा विचार खरा होता. पण मी बोलले ते त्याच्यामुळे नाही.

त्यांच्या शेजारची एक बाई, कमळ उलटसुलट करून बघत म्हणाली, "छान आहे. पण आजकाल काय, यूट्यूबवर बघून कोणीही करतं."

कोणीही. चाळीस वर्षं माझ्या उजव्या हाताच्या बोटाला सुईचा घट्टा आहे. माझं तोंड मुळातच फटकळ, त्यात हे. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "कोणीही नाही करत, बाई. हे मी केलंय. ही पस्तीसच्या पस्तीस. आणि याच्या आधीचं सगळं, रुखवतापासून. तिला खांबसुद्धा घालता येत नाही."

ताईने माझा हात धरला, पण आता धरून काय उपयोग. मी भाचीकडे बघून हसले. म्हणजे बघ, सोडवलं तुला, अशा अर्थाने हसले. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

सासू चिडली नाही. हातातली परात तिने हळूच टेबलावर ठेवली. बाईचा चेहरा असा झाला होता की मलाच कसंतरी झालं. लोकांसमोर अडीच वर्षं मिरवलेलं सगळं एका मिनिटात गेलं होतं. मग तिने सुनेला विचारलं, अगदी साध्या आवाजात, खरंच कळत नसल्यासारखं.

"मग तू रोज दोन-दोन तास दार लावून आत काय करत होतीस?"

जावई द्रोणांत शिरा भरत होता. त्याने पळी खाली ठेवली आणि वर बघितलं. मग पाहुण्यांना पाणी विचारलं, माझ्यासाठी रिक्षा बोलावून दिली, "मावशी, पोचलात की मेसेज करा" म्हणाला. मी पोचल्यावर मेसेजही केला.

त्यानंतर चार महिने भाचीचा फोन नाही. मी केला की तोच उचलायचा, ती आंघोळीला गेलीये, ती झोपलीये. ताई म्हणाली, तू चारचौघांत तिचं नाक कापलंस, तुझ्याशी कशाला बोलेल. ते पटण्यासारखं होतं म्हणून मी पटवून घेतलं.

मग एके दिवशी सासूचाच फोन आला. आवाज कोरडा. म्हणाली, "झालं ते झालं. पण मी लोकांना आता काय तोंड दाखवू? तिने खरंच शिकावं असं मी ठरवलंय. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी पाठवते तुमच्याकडे. दोन तास शिकवा. घरी आली की मी बघीन काय केलं ते." मला इतका आनंद झाला. दोन सुया, चार रंगांचे गुंडे टेबलावर मांडून ठेवले. साबुदाण्याची खिचडी केली, तिला आवडते म्हणून.

ती आली. चपला काढल्या, पाणी प्यायली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "मावशी, तुझ्या आतल्या खोलीत बसू का जरा? दार लावून?"

मला वाटलं राग आहे. म्हटलं, बस. आतून कडी लागली. मी बाहेर खिचडी गार होताना बघत बसले. टीव्ही लावला नाही. आतून काहीच आवाज नाही, ना फोनवर बोलण्याचा, ना रडण्याचा. पाऊण तासाने मला भीती वाटायला लागली, दार वाजवलं. आतून म्हणाली, "आहे गं मी. अजून थोडा वेळ."

दोन तासांनी बाहेर आली आणि खिचडी खाता खाता सगळं सांगितलं. घाईने, मध्ये न थांबता, पोरं शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवतात तसं.

तो विचारतो. दिवसभर. कोणाचा फोन होता, काय म्हणाली, मग तू काय म्हणालीस, हसलीस का, कशावर हसलीस. आईशी बोलताना स्पीकर लावायचा. कपाट आवरतो म्हणजे कपाट तपासतो. खिडकीत उभी राहिली तर कोणाकडे बघतेस. गप्प बसली तर मनात काय चाललंय. "मारत नाही गं," ती म्हणाली. "एकदाही नाही. मारलं असतं तर सांगायला काहीतरी असतं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

आणि मग तिने क्रोशाचं सांगितलं. पहिल्या तोरणाच्या वेळी ती आत विकत आणलेली एक सुई घेऊन बसली होती, नुसतं दाखवायला, आणि नवरा आत यायला निघाला तर सासूने त्याला अडवलं. "तिला टाके मोजू दे. मध्ये बोललं की मोजणी चुकते. माझी आई आम्हाला जवळ फिरकू द्यायची नाही." त्या दिवसापासून दुपारी दोन तास दार लावायचं ठरूनच गेलं. सासू बाहेर सोफ्यावर बसून राखण करायची. आईसमोर तो काही बोलायचा नाही. काम हातात असेल तोवर दार. काम संपलं, वस्तू बाहेर आली, की पुढचं काम ठरेपर्यंत दार नाही.

"आत काय करायचीस?" मी विचारलं. तिच्या सासूने विचारलं तेच मी विचारलं.

"काही नाही. नुसती बसायचे. तू दिलेल्या गुंड्याची साखळी घालायचे, पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उसवायचे. मोबाईल बाहेर असायचा, त्यामुळे कोणी काही विचारायचं नाही. तेवढे दोन तास मी काय विचार करते ते कोणाला माहीत नसायचं."

पलंगपोसाचे सहा महिने मी दीड महिन्यात संपवले होते. तिने अर्धवट मागितलं, तर मी तिला माझ्या कामाची इज्जत ऐकवली. लवकर नको म्हणाली, तर मी आणखी लवकर दिलं. आणि जे काय थोडं उरलं होतं ते त्या पूजेत, एका बाईच्या यूट्यूबसाठी, मी भर हॉलमध्ये जाळलं. दुसऱ्या कोणाला शिव्या देऊ? आपलेच दात, आपलेच ओठ.

"आता?" मी विचारलं.

"आता कडी नाही. पूजेच्या दुसऱ्या दिवशी यानेच काढली, स्क्रू ड्रायव्हरने. चार भोकं राहिली होती, त्यात लांबी भरून वरून रंग दिला. नीट काम करतो तो. कळतसुद्धा नाही तिथे काही होतं ते."

म्हटलं, चल, इथेच राहा, जाऊच नकोस. तिने नाही म्हणून मान हलवली. "मी इथे आले तर तो रोज इथे येईल. हॉलमध्ये बसेल, शांतपणे बोलेल. आईला पटवेल, बाबांना पटवेल, तुलासुद्धा पटवेल. अजून नाही, मावशी. मला आधी नीट विचार करायचाय. विचार करायलाच जागा नाहीये मला."

मी ताईकडे गेले, न राहवून. भावोजींचं बायपास झालंय, त्यांच्या कानावर घालायचं नाही म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून बोललो. ताई गवार मोडत होती, ती मोडतच राहिली. "विचारतो म्हणजे जीव आहे तिच्यात," म्हणाली. "मारत नाही, दारू पीत नाही. तू एकदा तोंड उघडून बघितलंस ना काय झालं ते? आता पुरे." त्यातलं शेवटचं वाक्य खोडता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी परत आले.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, शनिवारी ती येते. आतल्या खोलीत जाते, कडी लावते. मी बाहेर बसून तिचा रुमाल विणते, कारण घरी जाताना हातात काहीतरी न्यावंच लागतं आणि सासू ते उजेडात धरून बघते. शिकाऊ हाताचं दिसायला हवं. पहिल्या शनिवारी मी प्रयत्न केला आणि घामच फुटला. मुद्दाम टाका सोडला तरी पुढच्या ओळीत बोटं आपोआप सावरून घेतात. कड वाकडी करायला गेले तर वाकडीसुद्धा सारखी वाकडी येते, नक्षी वाटते. चाळीस वर्षांची सवय, ती कुठे ऐकते. शेवटी सुई डाव्या हातात घेतली. डाव्या हाताला काही येत नाही. डावा हात खरोखर शिकाऊ आहे, टाके घट्ट बसतात, सुई अडकते. नऊ वर्षांच्या त्या पोरीचे बसायचे तसेच.

तो ओबडधोबड रुमाल बघून सासू फोन करते. "मावशी, अजून कडा वाकड्याच येतात हो हिच्या." कौतुकाची सवय असलेली मी, ऐकून घेते. म्हणते, हो ना, सांगून दमले.

पण मी स्वतःला फसवत नाही. आधी तिला रोजचे दोन तास होते, आता पंधरा दिवसांतून दोन, आणि हे माझ्या तोंडाने झालंय. ती अजून वाळलीये. विचार कुठवर आला, मी विचारत नाही. तिला विचारणारा एक आहे, तेवढा पुरे.

गेल्या शनिवारी ती आत होती आणि मी डाव्या हाताने पाचवी ओळ घालत होते तेव्हा फोन वाजला. सासूचा नंबर, पण बोलत होता जावई. आवाज नेहमीसारखा, आदबशीर.

"मावशी, सहज विचारतो. तिला अजून किती दिवस लागतील शिकायला? अंदाजे सांगा."

मी बंद दाराकडे बघितलं. म्हटलं, "तिचा हात फार हळू आहे हो. वेळ लागेल."

"किती पण?"

"बराच. तीच ओळ तीनतीनदा उसवायला लागते."

तो हसला. "तुम्ही तर म्हणे एका दिवसात करता."

"करायचे," मी म्हटलं. "तेच चुकलं."

मग म्हणाला, "द्या ना तिला जरा फोन."

"आत बसलीये. टाके मोजतेय," मी म्हटलं. "मध्ये बोललं की मोजणी चुकते."

फोन ठेवला. पाचवी ओळ उसवून पहिल्यापासून घातली. आतून अजून कडीचा आवाज आला नव्हता. घड्याळात बघितलं, तिची वीस मिनिटं उरली होती.